शांतिसैनिकाचे ओझे

नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना. ऑक्टोबर सरत आला की कुटुंबे आपापल्या दिवंगतांच्या नावांच्या चिठ्ठ्या आणून देतात आणि महिनाभर मिस्सामध्ये ती नावे वाचली जातात. आजा, आजी, बाळंतपणात गेलेली लेक, विहिरीत पडून गेलेला मुलगा. चिठ्ठ्या वाचता वाचता धर्मगुरूला आपल्या धर्मग्रामाचा सगळा दुःखाचा इतिहास पाठ होतो. काही वर्षांपूर्वी अशाच चिठ्ठ्यांत मला एक निराळी चिठ्ठी मिळाली. तीवर घरातल्या चार नावांखाली, वेगळ्या शाईत, एक ओळ होती : "श्रीलंकेतली एक म्हातारी. नाव माहीत नाही."

चिठ्ठी वडीगोद्रीकडच्या एका घरातली होती. सोलापूर-धुळे महामार्गावरच्या या गावाच्या परिसरात घरभेटीला मी पुष्कळदा जातो. त्या घरचा कर्ता पुरुष सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. माझ्याहून चार-सहा वर्षांनी मोठा, म्हणून मी त्यांना दादा म्हणतो. पुढच्या भेटीत मी त्यांना त्या ओळीविषयी विचारले. ते थोडा वेळ गप्प राहिले; मग ओट्यावर बसून त्यांनी जे सांगितले ते इथे त्यांच्या संमतीने लिहीत आहे. प्रायश्चित्त संस्कारात कानी पडलेले धर्मगुरूच्या ओठांवर मरेपर्यंत येत नाही. हे मात्र उघड्या ओट्यावर, "लिहा फादर, कुणाच्या तरी कामाला येईल" असे म्हणून सांगितलेले आहे. त्यांचे नाव आणि पलटण मी जाणूनबुजून सांगत नाही.

१९८७ साली दादा बावीस वर्षांचे होते. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबो येथे पंतप्रधान राजीव गांधी आणि राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या आणि भारतीय शांतिसेना श्रीलंकेच्या उत्तर आणि पूर्व भागांत उतरली. तेथे १९८३ च्या जुलैपासून सिंहली बहुसंख्याकांचे सरकार आणि तमिळ बंडखोर यांच्यात यादवी पेटलेली होती. बंडखोरांनी शस्त्रे खाली ठेवावीत, सरकारी सैन्याने छावण्यांत परतावे आणि मधल्या जागेत भारतीय जवानांनी शांतता राखावी, अशी ती योजना होती. जाफन्यातल्या तमिळ लोकांनी सुरुवातीला आपल्या जवानांना हार घातले. "आम्हाला वाटलं, वरातीला आलोय," दादा म्हणाले.

दोन-अडीच महिन्यांत सगळे पालटले. लिट्टेने थोडी शस्त्रे दिली, बरीच ठेवून घेतली. ऑक्टोबरात करार कोसळला आणि ज्यांच्या रक्षणासाठी सेना गेली होती त्यांच्याच मुलांशी जाफन्याच्या गल्ल्यांतून लढणे तिच्या नशिबी आले. या मोहिमेला 'ऑपरेशन पवन' असे नाव होते. अंगावर गणवेश नसलेला शत्रू, रस्त्यात पुरलेले सुरुंग, आणि दिवसा भाजी विकणारा माणूस रात्री कोण असेल याचा नेम नाही, असे ते युद्ध होते.

दादांचा जोडीदार, ज्याच्याबरोबर ते एका ताटात जेवत, सुरुंगाच्या स्फोटात गेला. तिसऱ्या दिवशी त्यांची तुकडी एका वस्तीची झडती घेत होती. एका घराच्या दाराशी एक म्हातारी पाण्याची घागर आणि पेला घेऊन उभी होती. "तण्णी, तण्णी" असे काही तरी ती म्हणत होती. पाण्यात विष कालवलेले असते अशी जवानांत बोलवा होती. दादांनी पेला झिडकारला आणि घागरीला लाथ घातली. पाणी अंगणभर पसरले. म्हातारी काही बोलली नाही. वाकून तिने घागर उचलली. ती वाकली तेव्हा तिच्या मागच्या भिंतीवर पवित्र हृदयाची तसबीर आणि खाली मिणमिणती पणती दादांना दिसली. तशीच तसबीर त्यांच्या आईच्या घरात होती.

"फादर, गोळ्या चालवल्या त्याचं काहीच वाटत नाही असं नाही. पण तिकडून बी गोळ्या येत होत्या. ही बाई पाणी घेऊन उभी होती. आमच्या आज्याला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. आन् मी पाणी देणारीची घागर लाथाडली."

मी धर्मशास्त्र शिकलो, शिकवले. पण त्या संध्याकाळी मला चटकन उत्तर सापडले नाही, आणि म्हणून हा लेख.

हा प्रश्न केवळ एका माणसाच्या मनाचा नाही. एखाद्या पलटणीने परक्या यादवीत बजावलेली सेवा नैतिक दृष्टीने कशी पाहावी? तिचा गौरव करावा की तिच्याबद्दल पश्चात्ताप करावा? की, आपण आजवर केले तसे, दोन्ही टाळून विसरून जावे?

गौरवाच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामास्वामी परमेश्वरन झडतीचे काम आटोपून रात्री उशिरा तुकडीसह परतत होते. वाटेत दबा धरून बसलेल्या बंडखोरांनी त्यांच्यावर हल्ला केला. मेजरांनी शांत डोक्याने मागच्या बाजूने वळसा घालून हल्लेखोरांना घेरले. हातघाईच्या लढाईत एकाने त्यांच्या छातीत गोळी झाडली. त्याचीच बंदूक हिसकावून मेजरांनी त्याला ठार केले, आणि शेवटचा श्वास घेईपर्यंत ते तुकडीला आज्ञा देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. श्रीलंकेतील त्या मोहिमेत हा सन्मान मिळालेले ते एकटेच.

या घटनेत एक गोष्ट आहे, तिच्यापाशी क्षणभर थांबावे असे मला वाटते. परमेश्वरन यांचा जन्म १९४६ साली मुंबईत, एका तमिळ घरात झाला. ज्यांनी त्यांना मारले आणि ज्यांना त्यांनी मारले त्यांची आणि त्यांची मायबोली एक होती. आणि ज्या रेजिमेंटचे ते अधिकारी होते तिचा इतिहास आपल्या मराठी मुलखाचा, त्यातही गावकुसाबाहेरच्या माणसांचा आहे. इंग्रजांच्या मुंबई फौजेत महार शिपायांनी पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हे त्याच फौजेत सुभेदार होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र ही भरती बंद झाली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली गेली. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बाबासाहेबांनी आग्रह धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. आज या रेजिमेंटमध्ये देशभरच्या नाना जातिधर्मांचे जवान आहेत. एक तमिळ अधिकारी तिचे नाव घेऊन लढला, यातच तिच्या वाटचालीचे मोठेपण दिसते.

गोदाकाठच्या आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही. ज्यांचे पूर्वज वेशीबाहेर उभे राहत त्यांच्या मुलाने गणवेश घालून वेशीतून चालत यावे आणि पाटलाने उठून रामराम करावा, हे बंदुकीपेक्षा मोठे सामर्थ्य होते. अनेक घरांत सैन्याने पगार दिला, शिक्षण दिले, आणि त्याहून मोठी अशी मान ताठ करण्याची मुभा दिली. म्हणूनच असा शिपाई आज्ञा पाळतो ती केवळ भीतीने पाळत नाही. तीत कृतज्ञता मिसळलेली असते. आणि म्हणूनच त्याचा विवेक जेव्हा त्याला टोचतो तेव्हा ते टोचणे दुहेरी असते. ज्या संस्थेने आपल्याला माणूस म्हणून उभे केले तिच्या सेवेत असताना आपण दुसऱ्याचे माणूसपण पायाने ढकलले, ही ती टोचणी.

या प्रश्नावर ख्रिस्तसभेची परंपरा काय सांगते? संत ऑगस्टीनपासून संत थॉमस अक्विनसपर्यंत आचार्यांनी न्याय्य युद्धाच्या कसोट्या घालून दिल्या : युद्ध पुकारणारी सत्ता अधिकृत असावी, कारण न्याय्य असावे, हेतू शुद्ध असावा. पुढच्या काळात याचे दोन भाग स्पष्ट झाले. युद्धाला जावे की नाही, हा एक प्रश्न. युद्धात कसे वागावे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर देण्याची जबाबदारी मुख्यतः राज्यकर्त्यांची. दुसऱ्याचे उत्तर शिपायालाही द्यावे लागते. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने सैनिकाचा धिक्कार केला नाही. देशासाठी शस्त्र धरणारा आपले कर्तव्य नीट बजावतो तेव्हा तो शांततेलाच हातभार लावतो, असे तिने म्हटले. पण अमानुष आज्ञा पाळणे हा बचाव होऊ शकत नाही, हेही तिने तितक्याच कडक शब्दांत बजावले. लूकच्या शुभवर्तमानात शिपाई स्नानकर्त्या योहानाकडे येऊन "आम्ही काय करावे?" असे विचारतात. योहान त्यांना शस्त्र टाकायला सांगत नाही. गरिबाला नाडू नका, खोटा आळ घेऊ नका, मिळते त्या पगारात समाधान माना, एवढेच सांगतो. म्हणजे शिपाईगिरी तशीच राहते. मात्र तिच्या आतल्या प्रत्येक लहान कृतीवर प्रकाश पडतो. घागर लाथाडू नका, हे त्याच जातीचे वाक्य आहे.

ही विभागणी उपयोगाची आहे. दादांनी श्रीलंकेला जावे की नाही हे दादांनी ठरवले नव्हते. ते ओझे त्यांच्या खांद्यावर टाकणे अन्याय आहे. तरीही ही विभागणी पुरी पडत नाही, असे मला वाटू लागले आहे. राज्यकर्ते पहिला प्रश्न चुकीचा सोडवतात तेव्हा दुसरा प्रश्न शिपायासाठी जवळजवळ असाध्य होऊन बसतो. शांततेसाठी म्हणून पाठवलेल्या माणसाला शत्रू आणि नागरिक ओळखताच येणार नाहीत अशा ठिकाणी लढायला लावले, की त्याच्या हातून चूक होण्याची वाट मोकळी होते. चूक त्याची असते. वाट दुसऱ्याने करून दिलेली असते.

आणि चुका झाल्या. त्या सांगितल्याशिवाय गौरव करणे अप्रामाणिकपणाचे होईल. ऑक्टोबर १९८७ मध्ये, ऐन दिवाळीच्या दिवसांत, जाफन्याच्या सार्वजनिक रुग्णालयात भारतीय जवान शिरले, आणि तेथे रुग्ण, डॉक्टर आणि परिचारक मिळून साठच्या वर माणसे मृत्युमुखी पडली. आतून बंडखोरांनी गोळीबार केला होता, असे भारतीय बाजूने सांगण्यात आले. वाचलेल्या कर्मचाऱ्यांनी, आपण निःशस्त्र असल्याचे ओरडून सांगणाऱ्यांनाही गोळ्या घातल्या गेल्या, असे सांगितले. त्या मृतांत आपले काम सोडून न गेलेले डॉक्टर होते, हे तर कोणीच नाकारलेले नाही.

या यादवीत एका व्यक्तीने सत्य सांगण्याची जी किंमत मोजली ती मला कधी विसरता येत नाही. डॉ. राजनी तिराणगमा या जाफना विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकवत. त्यांनी तीन सहकाऱ्यांसह 'द ब्रोकन पामायरा' हे पुस्तक लिहिले. त्यात श्रीलंकेच्या सैन्याचे, भारतीय शांतिसेनेचे आणि लिट्टेचे, तिघांचेही अत्याचार नोंदवले होते. एकाची बाजू घेतली असती तर कदाचित दुसऱ्यापासून संरक्षण मिळाले असते. त्यांनी केवळ मेलेल्यांची बाजू घेतली. २१ सप्टेंबर १९८९ रोजी विद्यापीठातून सायकलवरून घरी परतताना त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्या ३५ वर्षांच्या होत्या. त्यांच्या घरच्यांनी आणि सहकाऱ्यांनी या हत्येसाठी लिट्टेला जबाबदार धरले आहे.

आता हिशेब कसा मांडायचा? एका पारड्यात परमेश्वरन यांचे शौर्य, दुसऱ्यात रुग्णालयातील मृत. आणि काटा कुठे झुकतो ते पाहायचे? माझे नम्र मत असे, की हा तराजूच खोटा आहे. मेजरांचे शौर्य रुग्णालयातील रक्त धुऊन काढत नाही. ते रक्त मेजरांच्या शौर्याला कलंक लावत नाही. वाण्याच्या वहीत जमा आणि खर्च एकमेकांतून वजा होतात. माणसाच्या जीवनात शौर्य आणि अपराध शेजारी शेजारी, आपापल्या पूर्ण वजनासह उभे राहतात. "आज्ञा होती" हे एक खोटे सांत्वन. "युद्धात असे चालायचेच" हे दुसरे. दोन्हींत माणसाची सद्सद्विवेकबुद्धी झोपवली जाते. दादांनी ती झोपू दिली नाही. पस्तीस-चाळीस वर्षे त्यांनी त्या एका घागरीचे ओझे वाहिले. मला ते पापाचे ओझे वाटत नाही. त्यांच्यातला माणूस युद्धात मेला नाही याची ती खूण आहे.

आपल्या भाषेने अशा युद्धाला 'यादवी' हे नाव दिले आहे, ते फार विचारपूर्वक दिले आहे. प्रभासक्षेत्री यादवांनी समुद्रकाठचे लव्हाळे उपटून एकमेकांना मारले, अशी कथा आहे. परक्याने आणलेल्या शस्त्राचीही गरज पडली नाही. अंगणातले गवत पुरले. आणि त्याआधीच्या महायुद्धाच्या अखेरीस, गंगेकाठी मृतांना तिलांजली देताना कुंती धर्मराजाला सांगते, की कर्णालाही पाणी दे, तो तुझा थोरला भाऊ होता. ज्याला शत्रू म्हणून मारले त्याचे नाते मरणानंतर कळते. यादवीत परका कोणी मरतच नाही. फक्त नाते उशिरा उघड होते. दादांना ते पवित्र हृदयाच्या तसबिरीत दिसले. तसबीर नसती तरी ते नाते तितकेच खरे होते, हे त्यांना आज कळते.

हे सारे समुद्रापलीकडचे म्हणून सोडून द्यावे असे कोणाला वाटेल. वडीगोद्रीच्या माणसाला तसे वाटू नये. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस येथून जवळच अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झाले. १ सप्टेंबरला तेथे लाठीमार झाला आणि सारा महाराष्ट्र ढवळून निघाला. जून २०२४ मध्ये ओबीसींच्या आरक्षणाला धक्का लागू नये म्हणून वडीगोद्रीत दुसरे उपोषण झाले. कोणाची मागणी किती रास्त, हे ठरवण्याचे हे स्थळ नव्हे. मी फक्त एवढे पाहिले, की एका बांधाला बांध लागून असलेली माणसे त्या दिवसांत एकमेकांकडे पाहताना आधी जात पाहू लागली होती. यादवीची सुरुवात बंदुकीने होत नाही. ती अशा पाहण्यातून होते. त्या उन्हाळ्यात दादांनी आपल्या दारात, रस्त्याच्या कडेला, पाण्याचे दोन रांजण भरून ठेवले होते. दोन्हीकडचे लोक तिथे पाणी पीत. कोणी विचारले की "तुम्ही कोणत्या बाजूचे?" तर ते म्हणत, "पाण्याच्या."

आता आपल्या वाट्याचे. श्रीलंकेत आपले अकराशेहून अधिक जवान मरण पावले, हजारो जखमी झाले. १९८९ मध्ये श्रीलंकेच्याच राष्ट्राध्यक्षांनी त्यांना परत जायला सांगितले. मार्च १९९० मध्ये अखेरच्या तुकड्या मद्रासला उतरल्या तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री त्यांच्या स्वागताला गेले नाहीत. जाताना हार मिळाले होते. येताना मौन मिळाले. त्यांचे एक स्मारक कोलंबोजवळ श्रीलंकेच्या भूमीवर उभारले गेले. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात इतर हुतात्म्यांबरोबर त्यांची नावे कोरली जाण्यास मात्र २०१९ साल उजाडले. ती यादवी १८ मे २००९ पर्यंत चालूच राहिली, आणि तिच्यात एकूण ८० हजार ते १ लाख माणसे मेली असावीत असा अंदाज आहे.

आपण शिपायाला पाठवतो. म्हणजे आपण निवडून दिलेले सरकार आपल्या नावाने पाठवते. तो जिंकून आला तर मिरवणूक काढतो, आणि संशयास्पद युद्धातून आला तर काहीच विचारत नाही. न विचारणे हे आपल्याला सभ्यपणाचे वाटते. खरे तर त्या न विचारण्यातून आपण आपल्या वाट्याचे ओझे त्याच्याच खांद्यावर राहू देतो. दादांनी पत्नीलाही ती गोष्ट कित्येक वर्षे सांगितली नव्हती. "कुणी विचारलंच नाही," ते म्हणाले.

म्हणून माझी वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या घरात, गल्लीत, वस्तीवर निवृत्त जवान असतील. या महिन्यात त्यांच्यापाशी जाऊन बसा. किती मारले, असे विचारू नका. पराक्रम ऐकण्यासाठी जाऊ नका. काय पाहिले, असे विचारा, आणि ते गप्प राहिले तर तेवढा वेळ तुम्हीही गप्प बसा. चिठ्ठी लिहिताना आपल्या मृतांच्या खाली एक ओळ रिकामी ठेवा. ज्याच्याशी आपले वैर होते, ज्याचे नाव आपल्याला माहीत नाही, त्याच्यासाठी ती असू द्या.

त्या वर्षी २५ नोव्हेंबरच्या मिस्सामध्ये मी मेजर परमेश्वरन यांचे स्मरण केले, दादांच्या सुरुंगात गेलेल्या जोडीदाराचे नाव घेतले, जाफन्याच्या रुग्णालयातील मृतांसाठी प्रार्थना केली आणि शेवटी ती ओळ वाचली : "श्रीलंकेतली एक म्हातारी. नाव माहीत नाही." दादा मागच्या बाकावर उभे होते. मिस्सा संपल्यावर ते काही बोलले नाहीत. दारापाशी ठेवलेल्या माठातून पेला भरून त्यांनी तो माझ्या हाती दिला. मी तो पिऊन टाकला.